ओढ्यापलीकडचं पान

१४ मार्च १९७२

निकाल लागला. आमदार तेच, हार तेच, गुलालही तोच. केंद्रावरच्या कामाने पाठ मोडली आहे. पोरांना सुट्टी मिळाली, मास्तराला नाही.

किसन सेकंड शिफ्टला जाता जाता शाळेत डोकावला. फळ्यावर आमच्या मतदारसंघाचा नकाशा काढला होता, चौथीच्या भूगोलासाठी. बासष्टला आमचा आमदार नदीपलीकडचा, सदुसष्टला मुंबई रस्त्याकडचा. गाव जागचं हललं नाही, सोयरीक मात्र बदलत राहिली. हे पोरांना समजावं म्हणून रंगीत खडू वापरले. किसन बराच वेळ बघत होता. म्हणाला, "दत्तू, ह्यात कारखानं कुठं हायत?"

काढलेच नव्हते. नदी, डोंगर, दोन सडका, देवळं, संपलं. त्याने खडू घेऊन पिंपरीच्या बाजूला चौकोनांची रांग काढली आणि म्हणाला, "पुढच्या खेपेला मी हुबा ऱ्हानार. घरटी एक मानूस शिफ्टला जातोय, अन् आमदाराला पाळी कवा बदलती त्ये ठावं न्हाई."

मी हसलो. तो हसला नाही.

चौथीपर्यंत एका शाळेत होतो आम्ही. मी दाराजवळ बसायचो, तो दाराबाहेर पडवीत. तेवढ्या जवळिकीवर चाळीस वर्षं निघाली.

१९ ऑगस्ट १९७४

मतदार यादीचं काम पुन्हा माझ्याच गळ्यात. हेडमास्तर म्हणाले, "तुमच्यासारखं अक्षर तालुक्यात नाही." हरभऱ्याच्या झाडावर चढवण्याची जुनी रीत. चढलो.

मारुतीच्या देवळापासून सुरुवात. पाटील आळी, मधली आळी, कुंभारवाडा, माळवाडी, आणि ओढ्याशी शेवट. घर नंबर सलग. माझे वडील आप्पा पोलीस पाटील होते तेव्हापासून गाव याच क्रमाने मोजलं जातं. ओढ्यापलीकडची बौद्धवस्ती वेगळ्या पानावर. तीही आप्पांचीच रीत. गठ्ठा शिवायचा, वस्तीचं पान वर सुटं ठेवायचं.

वस्तीत धोंडीबाबांनी बाज टाकली. सगळ्यात म्हातारे तेच, पांढऱ्या मिशा, नजर अजून साफ. प्रत्येक घरातल्या सुनांची नावं त्यांनी तोंडपाठ सांगितली. किसनच्या घरी चहा घेतला. त्याच्या पत्नी शांताबाईंनी कप दोनदा विसळून दिला. मी म्हणालो, "अहो, कशाला?" त्या म्हणाल्या, "सवय हाय."

ही घरी विचारत होती, कुठे कुठे चहा झाला. सांगितलं.  मीच मनात जरा फुशारलो.

२४ ऑगस्ट

गठ्ठा ता. कचेरीत दिला. कारकुनाने पहिलं पान उलटून अक्षराची तारीफ केली. पाऊस होता, एस.टी. गाठायची होती, पोच घेतली आणि निघालो.

८ नोव्हेंबर १९७६

मतदारसंघांच्या नव्या हद्दी ता. कचेरीत लागल्या आहेत. आज कामासाठी गेलो तेव्हा वाचल्या. आम्ही आता कारखान्यांच्या बाजूला, नगरपालिकेला चिकटून. ओढ्यापलीकडचं शेजारचं गाव चाकणकडच्या मतदारसंघात गेलं. म्हणजे मधला ओढा ही हद्द. उन्हाळ्यात पोरं उडी मारून पार करतात एवढा ओढा.

नकाशा नव्याने काढला. यावेळी कारखाने आठवणीने दाखवले. किसनला दाखवला. तो नुसता "हं" म्हणाला. आणीबाणीत त्याच्या युनियनचे दोन जण आत आहेत, हल्ली तो "हं"च्या पुढे जात नाही. निघताना मात्र नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "बरं झालं. कामगारांचा मतदारसंघ झाला ह्यो. कवातरी निवडणूक हुईलच की."

२३ मार्च १९७७

लोकसभेचं मतदान उरकलं. दिल्लीत सगळं उलटंपालटं झालं म्हणून चौकात फटाके.

वस्तीच्या लोकांना यावेळी शेजारच्या गावच्या शाळेत मत द्यायला जावं लागलं. ओढा ओलांडायचा नाही म्हणजे सोपंच, पण शेतातून अर्धा तास. धोंडीबाबा काठी टेकत गेले. किसनने विचारलं, "आमचं बूथ तिकडं का रं?" मी म्हणालो, "बूथ बदलतं. इमारत बघून ठरवतात. त्यात काय विशेष?"

अगदी जाणकाराच्या थाटात सांगितलं.

२३ जानेवारी १९७८

विधानसभा लागली. किसन उभा राहतो आहे. अपक्ष. तीन कंपन्यांचे कामगार पाठीशी आहेत, गेटसभा सुरू झाल्या. पिंपरीपासून आमच्यापर्यंत भिंतींवर त्याचं नाव. ज्या पोराला पडवीत बसवलं त्याचं नाव शाळेच्या भिंतीवरही कोणीतरी गेरूने रंगवलं आहे. मी पुसायला लावलं. सरकारी इमारत आहे. नियम म्हणजे नियम.

रात्रपाळी करून तो तसाच घरी आला. म्हणाला, "फॉर्मावर सूचक लागतो. मतदारसंघातला मतदार पायजे. तू सही कर."

मी म्हणालो, मी झेड.पी.चा नोकर, मला राजकारणात पडता येत नाही. खरं आहे ते. पण नियम आठवल्यावर मला जे हायसं वाटलं, तेही खरं आहे. गावात तोंड दाखवायचं आहे. पाटील आळीत माझेच चुलते आमदारांचा बिल्ला लावून फिरतात.

तो म्हणाला, "ऱ्हाऊंदे. धोंडीबाबा करतील. अंगठा तं अंगठा. तू निदान फॉर्म लिवून दे. आमच्या लिवन्यात चुका हुतात."

२७ जानेवारी

फॉर्म लिहिला. सबंध संध्याकाळ त्यात गेली. उमेदवाराचा यादीतला भाग व अनुक्रमांक, सूचकाचा भाग व अनुक्रमांक. किसन म्हणाला, "कचेरीत जाऊन छापील यादी बघू का? उद्या शेवटचा दिस हाय, रजा काढलीया." मी म्हणालो, "यादी मीच लिहिली आहे. माझ्याकडे माझी प्रत आहे. कशाला वेळ घालवतोस?"

पेटीतली प्रत काढली, नंबर उतरवले. दोनदा ताडून पाहिले. धोंडीबाबांचा अंगठा उमटला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ कागदावरच धरून ठेवला होता. शाई पसरली थोडी. मला तेवढंच खटकलं.

१ फेब्रुवारी

छाननी. किसनचा अर्ज बाद.

कचेरीबाहेर उभा होतो. आत गेलो नाही, नोकरी. किसनचा सोबती बाहेर येऊन सांगत होता. छाननी करणाऱ्या रावसाहेबांनी नंबर काढायला लावले, त्या नंबरांवर भलतीच नावं निघाली. मग सगळी यादी उलथीपालथी केली. सूचक या मतदारसंघाचा मतदारच नाही. उमेदवार पण नाही, त्याचं एक वेळ चालतं, सूचकाचं नाही. वस्तीतलं एकही नाव आमच्या गावच्या यादीत नाही. सगळी वस्ती शेजारच्या गावच्या यादीत, म्हणजे चाकणकडच्या मतदारसंघात.

धोंडीबाबा पायरीवर बसले होते. मला बघून म्हणाले, "मास्तर, ह्ये सायेब म्हनत्यात मी ह्या गावचा न्हाई. जलम हितं गेला की."

 एस.टी.त शेजारी बसून आलो. स्टँडपासून त्यांना घरापर्यंत पोचवावं असं वाटलं. ओढ्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

४ फेब्रुवारी

आज कचेरीत गेलो. निमित्त केलं शाळेच्या दाखल्यांचं. ओळखीच्या कारकुनाने चौऱ्याहत्तरचे मूळ गठ्ठे दाखवले.

शेजारच्या गावचा गठ्ठा. शेवटचं पान. डोक्यावर ठळक अक्षरात "ओढ्यापलीकडील वस्ती". त्याखाली नावं, पहिलं धोंडीबाबांचं. अक्षर माझं. तालुक्यात नाही असं अक्षर.

वर गावाचं नाव नाही. मी लिहिलंच नव्हतं. बाकीच्या प्रत्येक पानावर, प्रत्येक आळीच्या डोक्यावर गावाचं नाव आहे. या एकाच पानावर नाही. सुटं पान, नाव नाही. कोणीतरी नकाशा पाहिला असेल, ओढ्यापलीकडे कोणतं गाव लागतं ते बघितलं असेल, आणि तिकडे लावून टाकलं असेल. त्याचं काय चुकलं?

विसरलो म्हणावं तर विसरलो नाही. एकोणसाठची यादी पाहिली, पासष्टची पाहिली. माझ्या हातच्या सगळ्या याद्यांमध्ये त्या पानावर गावाचं नाव कधीच नाही. आप्पांच्या हातच्यातही नसणार. इतकी वर्षं हद्द आमच्या ओढ्यावर नव्हती म्हणून खपून गेलं. पान कुठेही पडलं तरी आमदार एकच होता.

पान परत ठेवलं. कारकुनाला म्हणालो, "दाखले नंतर बघू."

११ फेब्रुवारी

किसनशिवाय निवडणूक चालू आहे. गेरूने लिहिलेली नावं अजून भिंतींवर तशीच. किसनची खात्री पटली आहे की हे आमदारांच्या माणसांनी घडवलं. शेजारच्या गावच्या तलाठ्याला हाताशी धरून वस्ती तिकडे ढकलली, असं तो गेटसभेत बोलला. लोक पेटले आहेत. मला म्हणाला, "त्या भाऊसायबाची नोकरी घालवल्याशिवाय थांबत न्हाई. तू यादी केलतीस. तू साक्ष दे की वस्ती आपल्याच गावात लिवलीवती."

मी म्हणालो, "बघू."

हिला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "मग जाऊन सांगा त्यांना." एवढंच. जसं काही मीठ मागून आणायला सांगते आहे.

१७ जून १९७८

तलाठी भाऊसाहेब शाळेत आले. कोकणातला माणूस, तिशीच्या आतला, लग्न होऊन वर्ष झालं असेल. चौकशी लागली आहे. मधल्या सुट्टीत आंब्याखाली बसलो. म्हणाले, "गुरुजी, माझ्या आधीच्या तलाठ्याच्या वेळचं ते पान. मी तर तेव्हा नोकरीतही नव्हतो. पण चौकशीत मीच सापडलो. ते पान आमच्या गठ्ठ्यात कुठून आलं, तुम्हाला काही कल्पना?"

"नाही," म्हणालो.

"अक्षर कोणाचं असेल?"

"तेव्हा बरेच जण लिहीत होते."

त्यांनी नमस्कार केला. घंटा झाली. चौथीच्या वर्गाला आपला तालुका शिकवायचा होता. शिकवला. हलकट माणूस आहे मी, हे इथे तरी लिहून ठेवतो.

२९ डिसेंबर

भाऊसाहेबांची बदली झाली. लांब, घाटाखाली कुठेतरी. चौकशीत काहीच सिद्ध झालं नाही, पण शेरा बसला. वस्तीत पेढे वाटले. शांताबाईंनी आमच्याकडेही पाठवले. हिने डबा घेतला आणि कोनाड्यात ठेवला. कोणीच खाल्ले नाहीत. मुंग्या लागल्या तेव्हा टाकले.

३ जून १९८०

पुन्हा निवडणूक, पुन्हा निकाल. किसन उभा राहिला नाही. विचारलं तर म्हणाला, "कुठनं हुबा ऱ्हाऊ? माजी मानसं ह्या बाजूला, माजं नाव त्या बाजूला. तिकडच्या आमदाराकडं गेलो व्हतो वस्तीच्या नळासाठी. म्हनला तुमी तर त्या गावची मानसं. हितल्याकडं गेलो, म्हनला तुमी माजे मतदार न्हाई. दोन आमदार हायत आमाला, बग. श्रीमंत मानसं आमी."

धोंडीबाबा यंदा मतदानाला गेले नाहीत. पाय सुजले आहेत. म्हणतात, दुसऱ्याच्या गावात कशाला.

तिथेच ओढ्याच्या काठाला, किसनच्या सायकलीचा दांडा धरून, मी त्याला सांगितलं. सगळं. पान वेगळं का केलं, वर नाव का नव्हतं, फॉर्मावरचे नंबर कुठून आले, भाऊसाहेबांना काय सांगितलं. मध्ये थांबलो असतो तर पुढे बोलवलं नसतं.

तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं होतं.

"मुद्दाम केलं असतंस," तो म्हणाला, "तर भांडलो असतो तुज्याशी. चार दिस बोललो नसतो, मंग बोललो असतो. पर तुला आमी दिसलोच न्हाई, दत्तू. समोर बसून च्या पिलास आन् दिसलो न्हाई. त्याचं मी काय करू?"

सायकल सोडवून घेतली आणि फर्स्ट शिफ्टला निघून गेला.

१९ जून

किसन वाट बदलून जातो. आधी शाळेवरून जायचा, आता बंधाऱ्यावरून. लांब पडतं.

७ ऑक्टोबर १९८०

धोंडीबाबा गेले. वस्तीत गेलो होतो. जागा दिली बसायला. किसनने कोणाला सांगितलेलं दिसत नाही. तो समोर उभा होता, लाकडं रचत. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. वंदना सुरू झाली तेव्हा सगळ्यांबरोबर उभा राहिलो. वंदनेचे शब्द मला पाठ नव्हते.

२ ऑगस्ट १९८२

महानगरपालिका होणार असं पेपरात आहे. आणखी हद्दी, आणखी नकाशे. यादी दुरुस्तीचा हुकूमही आला. नाव माझंच. दोन वर्षांत पेन्शन, तरी सुटका नाही.

कचेरीत विचारून आलो. वस्ती आमच्या गावच्या यादीत घेता येते. पण रहिवाशांचा अर्ज हवा, सह्यांनिशी, आणि ज्या गणनाकाराने आधी यादी केली त्याचं म्हणणं जोडलेलं हवं. छापील नमुना दिला. मुदत महिनाअखेर.

९ ऑगस्ट

दोन वर्षांनी किसनच्या दारात उभा राहिलो. शांताबाईंनी बाज टाकली. चहा आला. कप विसळला का नाही ते पाहिलं नाही.

किसन आठवडी सुट्टीचा घरी होता. केस पिकले आहेत त्याचे. पेपर घेऊन बसला होता, बाजूला ठेवला. अर्ज दाखवला. वाचला. म्हणाला, "आता मी हुबा ऱ्हानार न्हाई. रिटायर हुतोय. पोरंबी पिंपरीत ऱ्हायला गेल्याली. कशाला पायजे आता गाव?"

मी म्हणालो, "वस्तीला पाहिजे. नळाला पाहिजे."

"अन् तुला?"

"मलाही."

त्याने अर्ज पुन्हा खालपर्यंत वाचला. मग म्हणाला, "समद्यांच्या सह्या घेऊन देतो. पर ह्यो खालचा रकाना बग. नाव वगळलं गेल्याचं कारन. तिथं नजरचूक, गैरसमज असलं काय बी लिवलंस तर सही करनार न्हाई. जे मला वड्यावर सांगितलंस त्येच लिव. तुज्या नावासकट. अन् त्या कोकनी भाऊसायबाला त्याची नक्कल धाड. त्याची बदली मी घडवली. मीबी न्हाई बघितलं त्याच्याकडं."

शांताबाई आतून म्हणाल्या, "अहो, मास्तरांची पेन्शन..."

"मला ठावं हाय," किसन म्हणाला.

२३ ऑगस्ट

सह्या आल्या. किसनने शिपायाबरोबर शाळेत पाठवल्या. अंगठे, सह्या, बायकांच्या सह्या वेगळ्या शाईत. किसनची सही सगळ्यात खाली, अर्धवट. नाव लिहिलं आहे, आडनाव राहू दिलं आहे. बहुतेक उरलेलं कचेरीत करणार, मी काय लिहितो ते वाचून.

हेडमास्तरांना नुसतं विचारलं, लेखी कबुली दिली तर काय होतं. ते म्हणाले, "दत्तोबा, आठ वर्षांपूर्वीचं कोण विचारतंय? नजरचूक लिहा. सगळे तेच लिहितात." भला माणूस आहे. मनापासून म्हणाले.

हिला विचारलं. ती म्हणाली, "तुम्हीच ठरवा. पेन्शन अडली तरी माझं भागेल." मग थोड्या वेळाने म्हणाली, "भाऊसाहेबांचा पत्ता मात्र शोधून ठेवा."

२८ ऑगस्ट

पत्ता मिळाला. पाकीट लिहून ठेवलं आहे.

अर्ज भरला. गावाचं नाव प्रत्येक पानावर घातलं, वस्तीच्या पानावर सुद्धा, सगळ्यात वर. आता पान वेगळं नाहीच, घर नंबर माळवाडीनंतर सलग चालू आहेत. गणनाकाराचं नाव, हुद्दा, शाळा, सगळं लिहून झालं.

कारणाच्या रकान्यात एकच ओळ मावेल एवढी जागा दिली आहे. पुरवणी जोडता येते, खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे. दोन कोरे कागद घेतले. पहिल्यावर तारीख घातली, "मी, खाली सही करणार" असं लिहिलं. पुढे तासभर झाला.

मंगळवार मुदतीचा शेवटचा दिवस, कचेरी पाचपर्यंत उघडी. किसनने त्या दिवशीची रजा टाकली आहे असं शांताबाई म्हणाल्या.